हँडबॉल आणि व्हीएआरच्या निर्णयांवर वाद कसा घालावा

फुटबॉलमध्ये चेंडूला हात लागणे हा गुन्हा आहे की नाही, या हँडबॉलच्या निर्णयावरून सुरू झालेला वाद सहसा मिटत नाही. नियम अवघड आहे, हे त्याचे मुख्य कारण नव्हे. वाद घालणारे दोघे वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे देत असतात आणि ते दोघांच्याही लक्षात येत नाही. ५ जुलै २०२४ रोजी श्टुटगार्टमध्ये युरो स्पर्धेच्या उपांत्यपूर्व सामन्यात जर्मनीच्या जमाल मुसियालाने मारलेला फटका स्पेनच्या मार्क कुकुरेयाच्या हाताला लागला, रेफरी अँथनी टेलर यांनी पेनल्टी दिली नाही आणि व्हीएआरने, म्हणजे चित्रफीत पाहून मदत करणाऱ्या व्हिडिओ सहायक रेफरीनेही, हस्तक्षेप केला नाही. अतिरिक्त वेळेत स्पेनने तो सामना २-१ असा जिंकला. त्यानंतर एक जण म्हणत होता की ती पेनल्टी होती, तर दुसरा म्हणत होता की व्हीएआरला तेथे बोलण्याचा अधिकारच नव्हता. ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकतात. असे असताना माणसे तासन् तास एकमेकांना खोडून काढत बसतात.

म्हणून वादाला बसण्यापूर्वी प्रश्न वेगळे करून घ्यावेत. प्रत्यक्षात काय घडले, म्हणजे चेंडू हाताला लागला का आणि नेमका कोठे लागला, हा पहिला प्रश्न. जे घडले ते त्या दिवशी लागू असलेल्या नियमानुसार गुन्हा ठरते का, हा दुसरा. मैदानावरील रेफरीने जो निर्णय दिला होता तो पाहता व्हिडिओ रेफरीने मध्ये पडणे योग्य होते का, हा तिसरा. नियम मुळात असाच असावा का, हा चौथा प्रश्नही असतो, पण तो शेवटासाठी राखून ठेवावा. वाद चिघळतो तो बहुतेक वेळा दुसऱ्याचे उत्तर देता देता कोणीतरी गुपचूप चौथ्याकडे सरकल्यामुळेच. समोरचा बोलू लागला की प्रथम एवढेच विचारावे: ‘आपण यांपैकी कोणत्या प्रश्नाबद्दल बोलत आहोत?’ हा प्रश्न किंचित मास्तरी वाटतो खरा, पण त्याने अर्धे भांडण तेथेच संपते.

कोणत्या वर्षीचा नियम?

हँडबॉलचा नियम गेल्या काही वर्षांत इतक्या वेळा बदलला आहे की, दोन अनुभवी प्रेक्षक दोन वेगळ्या नियमपुस्तकांतून बोलत असण्याची शक्यता बरीच मोठी असते. २०१९ पर्यंतच्या पुस्तकात हँडबॉल म्हणजे हाताने चेंडूला ‘हेतुपुरस्सर’ केलेला स्पर्श, एवढाच मूळ निकष होता. हात चेंडूकडे गेला की चेंडू हाताकडे आला, प्रतिस्पर्धी आणि चेंडू यांच्यातील अंतर किती होते, अशा गोष्टी रेफरीने विचारात घ्यायच्या होत्या. ‘चेंडू हाताकडे आला’ हा आजही सर्वाधिक ऐकू येणारा युक्तिवाद त्या जुन्या मजकुरातला आहे.

२०१९ मध्ये नियम नव्याने लिहिला गेला. खांद्याच्या वर गेलेला हात जवळजवळ नेहमीच दोषी ठरू लागला. स्वतःच्या किंवा जवळच्या खेळाडूच्या अंगावरून उडालेल्या चेंडूला सूट मिळाली. पडताना आधारासाठी जमिनीकडे नेलेल्या हातालाही सूट मिळाली. आणि आक्रमक संघाच्या कोणाच्याही हाताला नकळत लागलेल्या चेंडूवरून झालेला गोल रद्द होऊ लागला. या शेवटच्या कलमाचा फटका त्याच ऑगस्टमध्ये मँचेस्टर सिटीला बसला. टॉटनहॅमविरुद्ध गॅब्रिएल जेझुसने मारलेला विजयी गोल, चेंडू वाटेत एमरिक लापोर्टच्या हाताला निसटता लागल्यामुळे रद्द झाला आणि सामना २-२ असा सुटला. मार्च २०२१ मध्ये फुलहॅमचा जोश माजा याचा गोल असाच गेला. सहकारी मारियो लेमिना याच्या अंगालगतच्या हातावर प्रतिस्पर्ध्याने जवळून चेंडू मारला होता, म्हणजे लेमिनाला काही करण्याची संधीही नव्हती. दुसऱ्याच दिवशी नियम ठरवणाऱ्या मंडळाने बदल जाहीर केला: सहकाऱ्याच्या हाताला अपघाताने लागलेला चेंडू हा आता गुन्हा नाही, गोल करणाऱ्याच्या स्वतःच्या हाताला लागला असेल तरच आहे.

२०२१ च्या त्याच आवृत्तीत खांद्याच्या वरचा हात, अंगावरून उडालेला चेंडू आणि आधाराचा हात यांविषयीची स्वतंत्र वाक्येही वगळली गेली. आपल्या वादात कोणी ‘नियमात स्पष्ट लिहिले आहे की, चेंडू आधी मांडीला लागला असेल तर हँडबॉल नाही’ असे ठामपणे सांगू लागला, तर तो दोन वर्षेच टिकलेल्या मजकुराचा हवाला देत आहे, हे शांतपणे निदर्शनास आणावे. मात्र लगेच विजयही घोषित करू नये. अंगावरून उडालेला चेंडू रेफरी आजही विचारात घेतातच, आणि स्पर्धा चालवणाऱ्या संस्था आपापल्या रेफरींना वेगळ्या सूचना देतात. युरोपातील फुटबॉल चालवणाऱ्या युएफाच्या फुटबॉल मंडळाने २०२३ मध्ये, चेंडू आधी खेळाडूच्या स्वतःच्या अंगावरून उडाला असेल तर हँडबॉल धरू नये, अशीच शिफारस केली होती. तेव्हा एका लीगमधील निर्णयाचा दाखला दुसऱ्या स्पर्धेतील निर्णयासाठी देताना सावध राहावे.

आजचा मजकूर तीन दारांनी वाचावा

स्पर्श झाला म्हणजे गुन्हा झाला असे नाही, हे नियमात स्वच्छ लिहिले आहे. गुन्हा ठरण्याची दारे तीन आहेत आणि वाद घालताना आपण कोणत्या दारातून आत जात आहोत ते आधी सांगावे. पहिले, खेळाडूने मुद्दाम चेंडूला हात लावला, उदाहरणार्थ हात चेंडूच्या दिशेने नेला. दुसरे, हाताच्या स्थितीमुळे त्याने आपले शरीर अनैसर्गिकरीत्या मोठे केले आणि त्या हाताला चेंडू लागला. तिसरे, प्रतिस्पर्ध्याच्या गोलमध्ये थेट स्वतःच्या हाताने किंवा हाताला चेंडू लागल्यावर लगेच त्याच खेळाडूने गोल केला; येथे स्पर्श अपघाती असला तरी चालत नाही. ‘लगेच’ म्हणजे किती सेकंद हे नियम सांगत नाही, त्यामुळे सेकंद मोजत बसण्यात अर्थ नाही. हात कोठून सुरू होतो याला मात्र नेमकी मर्यादा आहे: काखेच्या तळाशी असलेल्या रेषेच्या वरचा भाग खांदा, आणि खांद्याने चेंडू खेळता येतो. जर्सीची बाही कोठे संपते याचा पुस्तकात उल्लेख नाही. बाह्या लांब-आखूड असतात, काख प्रत्येकाची ठरलेल्या जागी असते. स्वतःच्या पेनल्टी क्षेत्रातील गोलरक्षकाचा विषय वेगळा आहे. त्या क्षेत्राबाहेर तोही इतरांसारखाच.

खरे रण माजते ते दुसऱ्या दाराशी. हाताची स्थिती त्या विशिष्ट प्रसंगातील शरीराच्या हालचालीचा परिणाम नसेल किंवा त्या हालचालीने तिचे समर्थन होत नसेल, तर शरीर अनैसर्गिकरीत्या मोठे केले असे मानतात. अशा स्थितीत हात ठेवणारा खेळाडू चेंडू लागण्याची आणि शिक्षा होण्याची जोखीम स्वतःहून घेतो, अशी नियमाची भूमिका आहे. ‘अनैसर्गिक’ या शब्दाभोवती घुटमळण्यापेक्षा ‘त्या विशिष्ट प्रसंगातील’ या शब्दांवर बोट ठेवावे. उडी मारणाऱ्या माणसाचे हात वर जातातच, धावणाऱ्याचे पुढेमागे होतातच आणि घसरत टॅकल करणारा तोल सावरण्यासाठी एक हात मागे टाकतोच. प्रश्न एवढाच असतो की, या खेळाडूची ही उडी किंवा ही घसरण पाहता हात तेथे असणे पटते का.

येथे एक सोपी कसोटी वापरता येते: चेंडू मनातून पुसून टाकावा आणि खेळाडूचे शरीर तेवढे पाहावे. चेंडू नसतानाही त्याचा हात त्याच जागी असता असे वाटले तर बचावाची बाजू भक्कम आहे; हात केवळ वाट अडवण्यासाठीच तेथे आहे असे वाटले तर आरोपाची. ही कसोटी नियमपुस्तकात दिलेली नाही, पण पुस्तकाच्या शब्दांशी ती प्रामाणिक आहे. सप्टेंबर २०२० मध्ये टॉटनहॅमचा एरिक डायर न्यूकॅसलच्या अँडी कॅरोलबरोबर हवेत झेपावला होता. कॅरोलने डोक्याने मारलेला चेंडू मागून त्याच्या वर गेलेल्या हाताला लागला, व्हीएआरमुळे पेनल्टी मिळाली आणि सामना १-१ असा सुटला. तेव्हाच्या मजकुरात हात खांद्याच्या वर असणेच पुरेसे होते. तोच प्रसंग आजच्या शब्दांत मांडून पाहिला तर, पाठमोऱ्या खेळाडूच्या उडीचा तो स्वाभाविक भाग होता, हे म्हणणे फार बळकट होते. एकच चित्र पण दोन आवृत्त्या आणि दोन उत्तरे, हे दाखवायला यापेक्षा चांगले उदाहरण मला तरी माहीत नाही.

अंतर, चेंडूचा वेग आणि खेळाडूची नजर यांचे काय? आजच्या कलमात यांची यादी नाही, पण म्हणून त्या निरर्थक ठरत नाहीत. दोन पावलांवरून आलेला चेंडू टाळायला वेळ नव्हता, हा मुद्दा ‘मुद्दाम’ या पहिल्या दारावर निर्णायक ठरतो. दुसऱ्या दारावर त्याचे वजन कमी होते, कारण तेथे खेळाडूने हात आधीच कोठे ठेवला होता याची चौकशी असते. समोरच्याने अंतराचा मुद्दा काढला की तो कोणत्या दाराशी मांडत आहे, हे विचारावे.

संथ चित्रफीत कधी पाहावी

व्हीएआरच्या कार्यपद्धतीत एक सूचना आहे, जी घरोघरच्या वादांनाही लावावी असे माझे मत आहे. संथ गतीतील चित्रफीत केवळ तथ्यांसाठी वापरावी: स्पर्श झाला का, कोठे झाला, रेषेच्या आत की बाहेर. स्पर्श हा हँडबॉलचा गुन्हा होता का, हे ठरवताना नेहमीच्या वेगातील दृश्य पाहावे. कारण उघड आहे. संथ गतीत प्रत्येक हात विचार करून पुढे सरकल्यासारखा दिसतो, आणि गोठवलेल्या चित्रात तर हालचालच नसल्यामुळे उडी मारणारा माणूस हात पसरून उभा असल्यासारखा वाटतो. वादात कोणी मोबाइलवर एकच स्थिरचित्र समोर धरले, तर त्यावरून चेंडू कोठे लागला एवढेच मान्य करावे; बाकीचा निष्कर्ष पूर्ण दृश्य पाहिल्याशिवाय स्वीकारू नये.

चेंडूत बसवलेल्या, स्पर्श टिपणाऱ्या सेन्सरलाही हीच मर्यादा आहे. २९ जून २०२४ रोजी डॉर्टमुंडमध्ये जर्मनीविरुद्ध डेन्मार्कच्या योआखिम अँडरसनच्या हाताला चेंडू लागल्याचे सेन्सरच्या आलेखाने दाखवले आणि रेफरी मायकेल ऑलिव्हर यांनी मैदानालगतचा मॉनिटर पाहून पेनल्टी दिली. आलेखाने पहिल्या प्रश्नाचे उत्तर दिले. अँडरसनचा हात त्या स्थितीत असणे त्याच्या धावण्याशी सुसंगत होते का, हे सांगणे कोणत्याही यंत्राच्या आवाक्याबाहेरचे आहे, आणि डेन्मार्कची तक्रार होती ती नेमकी त्याविषयी. त्याच स्पर्धेत बेल्जियमच्या रोमेलू लुकाकूने स्लोव्हाकियाविरुद्ध केलेला गोल, चाल रचताना लोइस ओपेंडाच्या हाताला चेंडू लागल्याने रद्द झाला. २०२१ पासून सहकाऱ्याचा अपघाती स्पर्श माफ आहे, म्हणजे ओपेंडाचा स्पर्श पहिल्या किंवा दुसऱ्या दारातून गुन्हा ठरवावा लागतो. हा प्रसंग घेऊन दोन्ही बाजूंनी बोलून पाहावे. सरावाला तो उत्तम आहे, आणि मला स्वतःला बचावाची बाजू थोडी जड वाटते.

व्हीएआरची चौकट

हा भाग प्रेक्षक सर्वात कमी वाचतात आणि त्यावर सर्वात जास्त बोलतात. २०१८ मध्ये व्हीएआर नियमपुस्तकात आला तो चार प्रकारच्या प्रसंगांसाठी: गोल, पेनल्टी, थेट लाल कार्ड आणि चुकीच्या खेळाडूला दिलेले कार्ड. त्यातही हस्तक्षेपाची अट होती ‘स्पष्ट आणि उघड चूक’ किंवा नजरेतून पूर्णपणे सुटलेला गंभीर प्रसंग. क्रिकेट पाहणाऱ्यांची येथे हमखास गल्लत होते. क्रिकेटमध्ये संघ दाद मागतो. येथे व्हिडिओ कक्ष असा प्रत्येक प्रसंग आपणहून तपासतो आणि बहुतेक वेळा काहीच बोलत नाही. ‘व्हीएआरने पाहिलेच नाही’ ही तक्रार म्हणून सहसा चुकीची असते. त्यांनी पाहिलेले असते, पण बदलण्याइतके काही आढळलेले नसते.

या अटीमुळे मैदानावरील पहिल्या निर्णयाला विलक्षण महत्त्व येते. सीमारेषेवरचा प्रसंग रेफरीने पेनल्टी दिली तरी टिकतो आणि नाही दिली तरी टिकतो. १ जून २०१९ रोजी माद्रिदमधील चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात पहिल्याच मिनिटात सादिओ मानेने मारलेला चेंडू टॉटनहॅमच्या मूसा सिसोकोच्या छातीजवळून त्याच्या पसरलेल्या हाताला लागला. रेफरी दामिर स्कोमिना यांनी पेनल्टी दिली आणि व्हीएआरने ती राहू दिली. त्यांनी ती दिली नसती तर व्हीएआरने द्यायला लावली असती का? हाच प्रश्न प्रत्येक प्रसंगात उलटा करून विचारावा. ‘रेफरीचा निर्णय नेमका विरुद्ध असता, तर तो बदलला गेला असता का?’ दोन्ही बाजूंचे उत्तर ‘नाही’ असेल, तर प्रसंग करड्या पट्ट्यातला आहे आणि तक्रार व्हीएआरवर नव्हे, रेफरीच्या मतावर करावी.

व्हिडिओ कक्षाने सुचवल्यावर रेफरी मॉनिटरकडे गेला, तरी अंतिम निर्णय त्याचाच राहतो. ऑफसाइड किंवा रेषेबाहेर गेलेला चेंडू अशा तथ्यांसाठी त्याला सहसा मॉनिटर पाहावा लागत नाही. हँडबॉलमध्ये मताचा भाग असल्याने सहसा पाहावा लागतो. २०१८ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात क्रोएशियाच्या इव्हान पेरिसिचच्या हाताला कॉर्नरवरून आलेला चेंडू लागला, तेव्हा नेस्तोर पिताना मॉनिटरपाशी बराच वेळ थांबले, निघाले आणि पुन्हा वळून पाहिले. पेरिसिचच्या अगदी पुढ्यात ब्लेझ मात्युइदी उडी मारत होता, त्यामुळे चेंडू त्याला उशिरा दिसला हे खरे. हात शरीरापासून दूर होता हेही खरे. ज्याला परत वळून पाहावे लागते ती चूक ‘उघड’ कशी, हा क्रोएशियाच्या बाजूचा सर्वात धारदार युक्तिवाद आहे, आणि त्याला समाधानकारक उत्तर मला अजून मिळालेले नाही.

कुकुरेयाच्या प्रसंगाची पुढची कथाही वादात उपयोगी पडते. त्या सप्टेंबरमध्ये युएफाच्या रेफरी समितीचे मत समोर आले की, तेथे पेनल्टी द्यायला हवी होती. यावरून दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर बऱ्याच अंशी मिळाले. परंतु नंतर चूक मान्य होणे आणि ती चूक त्या क्षणी ‘स्पष्ट आणि उघड’ असणे यांत अंतर आहे, आणि तिसरा प्रश्न जागचा हलत नाही. हात खाली येत होता आणि तो शरीराजवळ नेला जात होता, असे बचावाचे म्हणणे होते. फटका गोलच्या दिशेने होता, हे आरोपाचे. दोन्ही मुद्दे मांडून झाल्यावरच मत द्यावे.

वेळेबाबतही एक गैरसमज आहे. शिट्टी वाजली म्हणजे सामना संपला, असे मानणाऱ्यांनी सप्टेंबर २०२० मधील ब्राइटन विरुद्ध मँचेस्टर युनायटेड हा सामना आठवावा. अंतिम शिट्टीनंतर व्हीएआरने नील मोपेचा हँडबॉल दाखवला, रेफरी परत आले, ब्रूनो फर्नांडिसने पेनल्टी मारली आणि युनायटेडने ३-२ असा विजय मिळवला. खेळ पुन्हा सुरू झाला असता, तर तोच प्रसंग तपासता आला नसता.

शिक्षा, आणि तुलना करण्याची रीत

कार्डांचा प्रश्न स्वतंत्र ठेवावा. २०१० च्या विश्वचषकात घानाविरुद्ध गोलरेषेवर हाताने चेंडू अडवणाऱ्या लुइस सुआरेझला लाल कार्ड मिळाले, आणि आजही मिळाले असते, कारण कृती मुद्दाम केलेली होती. २०२४ पासून फरक पडला तो मुद्दाम न केलेल्या हँडबॉलला: पेनल्टी दिली गेली असेल, तर गोलची स्पष्ट संधी हिरावली तरी लाल नव्हे, पिवळे कार्ड मिळते. ‘मग पेनल्टीऐवजी थेट गोलच का देत नाहीत?’ हा त्याच सामन्यात घानाच्या असामोआ ग्यानने पेनल्टी चुकवल्यापासून विचारला जाणारा प्रश्न रास्त आहे, पण तो चौथ्या गटातला आहे.

‘गेल्या आठवड्यात आम्हाला नाही दिली’ हा युक्तिवाद वापरायचाच असेल, तर दोन प्रसंगांत चार गोष्टी जुळतात का ते आधी पाहावे: स्पर्धा, हाताची स्थिती, मैदानावरचा पहिला निर्णय आणि चेंडूची दिशा. यांपैकी पहिला निर्णय वेगळा असेल, तर तुलना तेथेच कोसळते. याखेरीज स्वतःलाच एकदा विचारावे की, जर्सीचे रंग अदलाबदल केले असते तर आपण हेच म्हटले असते का. रेफरीच्या हेतूबद्दल मात्र बोलू नये; तो कोणत्याही कॅमेऱ्यात दिसत नाही आणि त्या वळणावर गेलेला वाद परत येत नाही.

मॅराडोनाने १९८६ मध्ये हाताने केलेला किंवा थिएरी हेन्रीने २००९ मध्ये हाताने चेंडू अडवून घडवलेला गोल आजच्या वादात पुरावा म्हणून आणण्यातही फारसे हशील नाही. तेथे नियमाविषयी कोणाचेच दुमत नव्हते. रेफरींना ते दिसले नाही, एवढेच झाले. व्हीएआर अशा प्रसंगांसाठी आणला गेला आणि तेथे तो चोख काम करतो. आजचे वाद मात्र सगळ्यांनी सगळे पाहिल्यानंतरचे आहेत.

घडले काय, नियम काय आणि व्हीएआरची मर्यादा काय, या तिन्ही बाबतींत एकमत होऊनही मतभेद उरला, तर तो नियमाशीच आहे आणि तेव्हाच चौथा प्रश्न उघडावा. तो मांडताना ‘हा नियम मूर्खपणाचा आहे’ असे न म्हणता पर्यायी वाक्य लिहून दाखवावे. मुद्दाम न केलेल्या हँडबॉलला पेनल्टीऐवजी इनडायरेक्ट फ्री किक (जिच्यावरून थेट गोल करता येत नाही) द्यावी, असे म्हणणाऱ्याने ‘मुद्दाम’ कसे ठरवणार हेही सांगावे, नाहीतर आपण २०१९ पूर्वीच्या जागी परत पोहोचतो. पुन्हा केवळ हेतूच पाहावा, असे म्हणणाऱ्याने हात पसरून उभ्या राहणाऱ्या चतुर बचावपटूचे काय करायचे ते सांगावे. हे बदल ठरवणारे इंटरनॅशनल फुटबॉल असोसिएशन बोर्ड १८८६ पासून अस्तित्वात आहे; त्यात फिफाची चार आणि इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स, उत्तर आयर्लंड यांची प्रत्येकी एक अशी आठ मते आहेत, बदलासाठी सहा मते लागतात आणि मंजूर झालेला बदल साधारणतः १ जुलैपासून लागू होतो. त्यामुळे प्रत्येक नव्या मोसमाच्या सुरुवातीला, पहिला वाद पेटण्यापूर्वी, बाराव्या नियमाचे हँडबॉलवरचे कलम आणि व्हीएआरची कार्यपद्धती नव्या आवृत्तीत वाचून घ्यावी. हँडबॉलचे कलम तर जेमतेम पानभराचे असते.